खालचं बारीक

फासा टाकण्याआधी तो व्हर्नियर कॅलिपरनं मोजणारा माणूस मी तरी एकच पाहिलाय. आमच्या कासारवाडीच्या सोसायटीतले, माझ्या शेजारच्या फ्लॅटमधले शेलारकाका. तिन्ही बाजूंनी मोजून "ओके हाय" म्हटल्याशिवाय फासा पटावर पडत नाही. मूळचे राजगुरुनगरकडचे. चाकणच्या एका कंपनीत जन्मभर मालाची तपासणी केली, शेवटी लाइनचे सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. कंपनी सुटली, तपासणी काही सुटली नाही.

खेळ माझा. पटावर टेकड्या, नदी, दलदल, षटकोनी घरं. पुठ्ठ्याच्या सोंगट्या म्हणजे सैनिकांच्या तुकड्या. मोठ्या हौसेनं मागवला आणि ऑफिसातल्या दोन मित्रांना बोलावून मांडला. पण लढाईचा निकाल लावायचे ते तक्ते! एक म्हणतो, दोन्ही बाजूंच्या बळाचं प्रमाण काढा. दुसरा म्हणतो, मध्ये नदी असेल तर एक रकाना डावीकडे सरका. तिसरा म्हणतो, टेकडी असेल तर एक मिळवा. कशात मिळवायचा, ते त्यालाच ठाऊक. पहिली गोळी सुटण्याआधीच मित्रांचं आपसात वाजलं आणि खोकं माळ्यावर गेलं.

दिवाळीच्या साफसफाईत ते काकांच्या नजरेला पडलं. "तक्ता? आण की इकडं!" आठ दिवसांनी ते लॅमिनेशन केलेला कागद घेऊन दारात हजर. आधी बळ, मग जमीन, मग फासा, सगळं बाणांसकट. तळाशी 'तयार करणार', 'तपासणार', 'मंजूर करणार' अशा तीन सह्या, तिन्ही त्यांच्याच.

तेव्हापासून दर रविवारी आमचं युद्ध. मी सोंगटीला हात लावला रे लावला की प्रश्न येतो, "खालचं बारीक वाचलंस का?" हाच प्रश्न ते दुधाच्या पिशवीबद्दल आणि लग्नपत्रिकेबद्दलही विचारतात. मी कधीच वाचलेलं नसतं, म्हणून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही.

गेल्या रविवारी मात्र योग आला! पुलाजवळची त्यांची एक तुकडी मी तिन्ही बाजूंनी घेरली. मागे दलदल. ती पडली की पूल माझा, डाव माझा. माझं बळ बारा, त्यांचं चार. तिनास एक! नदीमुळे एक रकाना डावीकडे, दोनास एक. फासा पडला: सहा! "बाद!" मी ओरडलोच आणि सोंगटी उचलायला गेलो.

काकांनी मनगट धरलं. "खालचं बारीक?"

"काय आहे आता?"

"मागं वाट असंल तर तुकडी बाद न्हाई. उलटी करून अर्ध्या बळानं मागं घ्यायची."

"मागे दलदल आहे काका!"

"पायदळाला चालती. तिसरा तक्ता, खाली." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. होतं तसं लिहिलेलं. काकांनी सोंगटी उलटी करून दलदलीत नेली, तेव्हा तिच्या पाठीवर पेन्सिलीचं बारीक अक्षर दिसलं: माने.

"हे कोण?" मी हसत विचारलं. काका हसले नाहीत.

"माझ्या लाइनवर होता. माणसं कमी करायची व्हती. कंपनीनं तक्ता दिला. हजेरी, वय, काम. बेरीज करायची, खालची सात नावं द्यायची. बेरीज मी बरोबर केली राव. मानेची हजेरी कमी भरली." जरा थांबून म्हणाले, "तक्त्याच्या खाली बारीक लिहिलं व्हतं, आजारपणाची रजा धरू नये. ते मी वाचलं न्हाई. घाई व्हती. आजबी कासारवाडी स्टेशनात तो दिसला की मी दुसऱ्या डब्यात चढतो."

मी सोंगटीवरच्या नावाकडे बघत राहिलो.

"बघतो काय? तुझीच पाळी हाय अजून," ते म्हणाले.

दलदलीतली ती तुकडी आता अगदी माझ्या तोंडासमोर होती. अर्धं बळ, पळायला जागा नाही. कुठल्याही रकान्यात ती मेलेलीच. मी तक्ता उचलून डोळ्यांजवळ धरला आणि सावकाश वाचू लागलो, "मागे घेतलेल्या तुकडीवर त्याच पाळीत पुन्हा हल्ला करता येणार नाही."

असं तिथे काहीही लिहिलेलं नव्हतं. काकांना तो कागद पाठ आहे. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला.

"व्हय," ते म्हणाले, "हाय तसं."