झुलालभाऊंचा ठणठणीत जीव

"हार्ट अटॅक? अहो, त्याला मी सायकलीच्या चाकाखाली घालतो!" दवाखान्यातून घरी आल्याबरोबर झुलालभाऊंनी जाहीर करून टाकलं.

झुलालभाऊ दीपनगरच्या वीज केंद्रात स्टोअरकीपर. मूळचे दोंडाईच्याकडचे, राहायला भुसावळला. छातीच्या दुखण्यातून उठल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, "बस सोडा, सायकलीनं कामावर जा. पण हळू! दम लागला की उतरायचं, आडवं व्हायचं. आणि एक दिवसाआड पूर्ण विश्रांती."

पहिल्या आठवड्यात पोरंटोरं पायी त्यांच्या पुढे निघून जायची. पण दिवाळीनंतर पोट उतरलं, पँट पट्ट्यानं आवळावी लागली. रहाटासारखी कुरकुरणारी ती सायकल चढावरसुद्धा न थांबता जाऊ लागली.

घाबरली होती ती त्यांची बायको, कमलबाई. तिनं वाटेवरच्या प्रत्येकाला सांगून ठेवलं होतं, "भाऊसवर ध्यान ठेवा." मग काय! सायकलवाला यादव हाक मारून बसवून घ्यायचा, टपरीवाला बळेच चहा पाजायचा, दूधवाला सुपडू लुना आडवी घालून विचारायचा, "भाऊ, छातीत काही होतंय का?" होत नसलं तरी विचारून विचारून व्हायला लागायचं!

एका संध्याकाळी घरी येताना भाऊंनी जोरात पायडल मारलं. दम लागला. आज्ञाधारक पेशंट ते! सायकल आडवी टाकली, लिंबाखाली पाठ टेकली, पाय सायकलीवर ठेवले, तोंडावर रुमाल घेतला आणि चक्क घोरायला लागले.

मागून सुपडू आला. सायकल आडवी, माणूस आडवा, तोंडावर फडकं! त्यानं लुना तशीच पुढे पळवली. यादवच्या दुकानापर्यंत "भाऊ पडले" होतं, टपरीवर "भाऊ गंभीर आहेत" झालं आणि गल्लीत शिरता शिरता "भाऊ गेले!"

कमलबाई कणीक मळत होती. तशीच, पिठाच्या हातांनी, अनवाणी पळत सुटली. अर्ध्या वाटेत कुणीतरी तिला टेम्पोत घेतलं. मागून अर्धी गल्ली.

"अहो! जित्ता शेतस ना?" तिनं रुमाल ओढला.

भाऊंनी डोळे उघडले. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं, कामावर उशीर झाला. "साहेब आले का?" त्यांनी विचारलं.

सगळे हसले. कमलबाई सगळ्यांत जास्त हसली, मग रडली, मग खाली बसली. आणि तिला उठताच येईना. ओठ निळे पडले होते, श्वास भात्यासारखा चालला होता.

दोघांना टेम्पोत घालून लोकांनी दवाखाना गाठला. दारातच कुणी ओरडलं, "हार्टचा पेशंट!" आणि दोन वॉर्डबॉयनी भाऊंच्या बखोट्याला धरलं.

"मला काही नाही हो! हिला बघा!"

"सगळे असंच म्हणतात. झोपा!"

भाऊ हातपाय झाडत होते. त्यांना जितकं आवरावं तितकी त्यांची नाडी जोरात धावत होती. छातीला वायरी लागल्या, ईसीजीची पट्टी निघाली. कमलबाई बाहेर बाकावर त्यांच्या चपला मांडीवर घेऊन बसून होती.

डॉक्टर हसत बाहेर आले. "बाई, काळजी सोडा! यांचं हृदय बैलासारखं ठणठणीत झालंय. सायकलीची कमाल!"

बोलता बोलता त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. हसू मावळलं. स्टेथॉस्कोप तिच्या पाठीला लावून ते बराच वेळ ऐकत राहिले.

"हा दम कधीपासून लागतोय?"

"व्हयना बराच दिन."

हृदयाची झडप खराब होती. लहानपणच्या तापानं गेलेली. ऑपरेशन झेपेल अशी अवस्था राहिली नव्हती.

"आणि तू मला बोलली नाहीस?" भाऊ आतून तसेच बाहेर आले होते.

"तुमनं दुखनं चालू व्हतं," ती म्हणाली. "मी मन्हं कोठे सांगत बसू? एक घरमा एकच पेशंट पुरे."

त्या हिवाळ्यात भाऊ तिला कॅरिअरवर बसवून, सायकल हातानं ढकलत, तापीच्या पुलापर्यंत फिरवून आणायचे. ती दर वेळी म्हणायची, "हळू. तुमले दम लागी." आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी ती गेली. त्यांची सासरी दिलेली लेक माहेरी आली ती सणाला नाही, दहाव्याला.

भाऊंनी सायकल सोडली नाही. घरी बसून करणार काय? पुढच्या वर्षी केंद्रात आरोग्य सप्ताह झाला. साहेबांनी भाऊंना व्यासपीठावर बोलावलं, शाल घातली आणि माइक पुढे केला. "दुखण्यातून उठून असं शरीर कमावलंत! सांगा, कोणामुळे जमलं?"

भाऊ उभे राहिले. तोंड उघडलं. आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना दम लागला.

"एक मिनिट," एवढंच म्हणून ते खाली बसले.

भाषण संपलं असं समजून लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एवढं थोडक्यात बोलणारा वक्ता त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता!