परक्याचा फोन

नामदेवभाऊ चाफले भेटले की नमस्काराच्या आधी तुमचा फोन मागतात. त्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे, चांगला आहे, आणि तुमच्याशी बोलताना तो त्यांच्या खिशात वाजतही असतो. तरी ते हात पुढे करून म्हणतात, "पाह्यू द्या जी जरासा." फोन मिळाला की त्यावर 'सरगुंडे' असा शब्द लिहितात, चष्मा कपाळावर चढवतात, फोन नाकापाशी नेतात आणि अंगठ्यानं पान सरकवत पुटपुटतात, "आपला नंबर कितवा?" मग फोन शर्टाच्या बाहीला पुसून परत देतात. नमस्कार त्यानंतर होतो, तोही आठवला तर.

मी त्यांचा शेजारी, पेशानं मास्तर. आमची घरं वर्ध्याला लागून सिंदी मेघ्यात भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे माझ्या फोनवर सगळ्यात जास्त अत्याचार झाले आहेत. मी एकदा वैतागून विचारलं, "अहो, तुमच्या फोनवर बघा ना."

"आपला फोन आपल्याले खोटं सांगते," ते म्हणाले. "रोज तेच पाह्यतो तर त्याले मालूम पडते का याले काय पाह्यजे. तो आपलंच पान वर आणून दाखवते. खरं बोलते तो परक्याचा फोन."

हे खरं आहे, असं मला नंतर एका जाणकारानं सांगितलं. पण खऱ्याचासुद्धा काही वेळकाळ असतो. केळझरला गणपतीच्या रांगेत त्यांनी पुढच्या बाईंचा फोन मागितला आणि बाईंच्या यजमानांनी मागे वळून जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ वारले तेव्हा आम्ही दोघं भेटायला गेलो. नामदेवभाऊ मोठ्या मुलाजवळ बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसरा हात पुढे केला. मुलानं तो दोन्ही हातांत घट्ट धरला आणि त्याला रडू फुटलं. भाऊंनी त्याला रडू दिलं, त्याचे डोळे पुसले, आणि मग हळूच म्हणाले, "तुहा फोन हाय का बाप्पा जवळ?"

आता सरगुंडे म्हणजे काय ते सांगायला हवं. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची आणि त्या पोकळ नळ्या खाटेवर वाळवायच्या. उन्हाळ्यात त्या शिजवून आमरसात घालून खातात. आमच्याकडे ज्या घरी सरगुंडे चांगले होतात त्या घराला मान असतो, आणि आमच्या सगळ्या वस्तीत तो मान यमुनाबाईंचा होता.

यमुनाबाई म्हणजे नामदेवभाऊंची मोठी बहीण. मूळच्या हिंगणीच्या. लग्न होऊन सासरी गेल्या, लौकरच नवरा वारला आणि माहेरी परत आल्या. आईवडिलांमागे या भावाला त्यांनीच वाढवलं. भावानं लग्न केलं नाही. का केलं नाही असं विचारलं की म्हणायचे, "बाईले आवडन अशी पोरगी भेटली नाई." बाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "याले आवडन अशी." दोघं एकमेकांवर ढकलत म्हातारे झाले.

भाऊ एसटीच्या डेपोत कंट्रोलर होते. गाड्यांना फलाट द्यायचे आणि भोंग्यावरून पुकारायचं, यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर पुकारायला काही उरलं नाही आणि घरात चिडचिड सुरू झाली. त्याच सुमारास गावोगावच्या बायका फोन करून बाईंना सरगुंड्यांची रीत विचारायच्या आणि बाई तेच तेच सांगून थकायच्या. तेव्हा भाऊंनी वेबसाइट काढली. बाई खाटेवर बसून बोलायच्या आणि भाऊ जसंच्या तसं टाइप करायचे.

ते पहिलं पान मी वाचलं होतं. त्यात कृती कमी आणि बाई जास्त होत्या. मधेच हिंगणीची विहीर यायची, मधेच एखादी नणंद. आणि सुरुवातीलाच एक वाक्य होतं: "कणीक भिजवाच्या आंधी शेजारणीसंग भांडण असंन तर मिटवून घ्या, रागाच्या हातानं कणीक घट्ट येते."

या वाक्याला कारण होतं. माझ्या बायकोनं, सुषमानं, गच्चीवरून बादलीभर पाणी ओतलं आणि ते बाईंच्या वाळवणाच्या खाटेवर पडलं. दोघींचं बोलणं बंद झालं. उन्हाळा सरत आला तरी बंदच. मग एका सकाळी बाई परातीसकट आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सुषमा, कणीक पाह्य कशी दगड झाली. तुह्याच्यानं झाली. आता तूच मळून दे." सुषमानं मळून दिली. त्या दुपारी वेबसाइटवर ते वाक्य आलं.

पान चाललं. लांबलांबच्या बायकांचे निरोप यायला लागले. सर्चमध्ये पहिल्या नंबरावर बाई दिसायच्या आणि भाऊ ते बाईंना पुकारून सांगायचे, जशी काही फलाटावर गाडी लागली आहे. मग नियम बदलायला लागले.

हे नियम करणाऱ्या यंत्रणेला भाऊ 'साहेब' म्हणतात. डेपोत सवय लागलेली. साहेब कोण, कुठं बसतो, हे कुणाला ठाऊक नाही, पण वरून सर्क्युलर येतं आणि खालच्यानं पाळायचं असतं. पहिल्या सर्क्युलरात म्हणे साहेबाला तोच शब्द पुन्हा पुन्हा पाहिजे होता. भाऊंनी रात्रंदिवस खपून कृती अशी केली: "वर्धा सरगुंडे करण्यासाठी वर्धा सरगुंड्यांची कणीक वर्धा सरगुंड्यांच्या पद्धतीने भिजवा." बाईंनी वाचून घेतलं आणि विचारलं, "हे कोन बोलून राह्यलं रे?"

"साहेबाले असंच पाह्यजे, बाई."

"आणि ते भांडनाचं काऊन काढलं?"

"साहेबाले विषय सोडून बोललेलं चालत नाई."

बाईंनी थोडा विचार केला. "मंग तुह्या साहेबाच्या घरचे सरगुंडे दगडावानी होत असतीन," म्हणाल्या आणि तुरी निवडायला बसल्या.

वर्षभरात साहेबानं तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहिणाऱ्यांना खाली ढकललं. भाऊंनी सगळे 'वर्धा' उपटून काढले. मग साहेबाला ओळखीपाळखी आवडायला लागल्या. दुसऱ्या वेबसाइटांवर तुमची लिंक असेल तर तुम्ही मोठे. भाऊ सेलूला जाऊन ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानदाराला भेटले, एका मंडपवाल्याला भेटले, बँडवाल्याला भेटले. नांगराच्या फाळाखाली सरगुंड्यांची लिंक लागली. पुढं साहेबानं ठरवलं की हा वशिला आहे, आणि भाऊ पुन्हा त्याच दारांशी जाऊन हात जोडून लिंका काढून घेऊ लागले. बँडवाला म्हणाला, "भाऊ, लावताना पेढे देल्ले, काढताना तरी चहा पाजजो."

एकदा साहेबाला लांबलचक लेख हवा झाला. गव्हाचा इतिहास आला. एकदा पान पटकन उघडायला हवं झालं. बाईंचा नऊवारीतला फोटो होता, काडी हातात घेऊन कॅमेऱ्याकडे संशयानं बघणारा. तो जड आहे म्हणून भाऊंनी लहान केला, आणखी लहान केला, शेवटी तिकिटाएवढा झाला आणि त्यात काडी दिसेना.

मी त्यांची थट्टा करायचो. सुषमाही करायची. बाई सगळ्यांत जास्त करायच्या. पण दर वेळी नंबर खाली गेला की भाऊ जेवायचे नाहीत, आणि वर आला की बाईंच्या समोर उभं राहून पुकारायचे. बाई 'हो का' म्हणायच्या आणि त्यांचा चेहरा खुलायचा, हे मी पाहिलं आहे.

तीन वर्षांपूर्वी बाई गेल्या. आजारपण थोडंच होतं. दहनाहून परत आल्यावर नामदेवभाऊ आमच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी माझा फोन मागितला. मला राग आला. पण त्यांनी पान उघडलं आणि म्हणाले, "पहिल्या पानावर हाय. पहिल्या पानावर हाय तोवर बाई हाय, मास्तर." त्यानंतर मी फोन द्यायला कधी कुरकुर केली नाही.

मग साहेबानं शेवटचा नियम केला, म्हणजे आजवरचा शेवटचा. आता तो नंबर लावतच नाही, वर स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. काहीही विचारा, चार ओळींत उत्तर तयार. खालची पानं उघडायची कुणाला गरज उरत नाही. भाऊंनी हे मला त्यांच्या भाषेत समजावलं. "बायपास झाला," म्हणाले. "गाडी आता स्टँडवर येतच नाई. आपन फलाट झाडून बसलो."

बायकांचे निरोप बंद झाले. भाऊ महिनाभर गव्हाचा इतिहास लांब करून पाहत होते, आखूड करून पाहत होते. काही फरक पडत नव्हता.

एका संध्याकाळी ते आले, फोन मागितला, 'सरगुंडे' लिहिलं. साहेबाचं उत्तर आलं. भाऊ वाचत होते आणि वाचता वाचता थांबले. फोन त्यांनी माझ्या हातात दिला. "हे वाचा जी."

मी मोठ्यानं वाचलं. "कणीक मळण्यापूर्वी शेजारणीशी वाद असल्यास तो मिटवून घ्यावा, कारण रागाच्या भरात मळलेली कणीक घट्ट होण्याची शक्यता असते."

सुषमा आतून हात पुसत बाहेर आली. तिनं ते स्वतः वाचलं आणि म्हणाली, "हे माह्यावर होतं."

भाऊंनी ते वाक्य कितीतरी वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं. जुन्या पानाची प्रत त्यांच्याकडे उरली नव्हती, वेबसाइट एका कंपनीकडून दुसरीकडे हलवताना तीही गेली होती. साहेबाला ते कुठून मिळालं कोण जाणे, कधीकाळी कुणीतरी उतरवून घेतलं असेल. पण त्या संध्याकाळी नामदेवभाऊंना एक गोष्ट कळली आणि ती त्यांनी सरळ बोलून दाखवली. "मास्तर, माह्या पानावर बाईचा एक शब्द उरला नाई. साहेबाच्या पायी मी सगळी बाई खोडून काढली. आणि साहेबाले ती आठवून राह्यली."

सुषमानं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

पुढचे काही दिवस ते फोन मागत होते तो नंबरासाठी नाही. "हाय का अजून?" असं विचारायचे. असायचं. ते वाचायचे, बाहीला फोन पुसायचे आणि घरी जायचे. शत्रूच्या घरी बहीण दिली आहे आणि तिला लांबून पाहून यायचं आहे, अशी त्यांची अवस्था होती.

आणि मग एक दिवस ते वाक्य नव्हतं. उत्तर सुधारलं होतं. कणीक, मीठ, पाणी, ऊन, सगळं बरोबर आणि नेटकं. भाऊंनी वेगवेगळं लिहून पाहिलं. 'सरगुंडे भांडण' लिहिलं, काही नाही. 'सरगुंडे राग' लिहिलं तेव्हा साहेबानं दीर्घ श्वास घ्यायला आणि रोज चालायला सांगितलं. माझ्या फोनवर झालं, सुषमाच्या फोनवर झालं, दूधवाल्याच्या फोनवर झालं. परक्याचे सगळे फोन खरं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी ते आले ते स्वतःचा फोन घेऊन. आमच्या ओट्यावर बसले आणि माझ्यादेखत त्यांनी ते पान कोरं केलं. गव्हाचा इतिहास गेला, सगळी मेहनत गेली. मी म्हटलं, "भाऊ, आता कुठंच दिसणार नाही."

"नाई दिसलं तर नाई दिसलं," ते म्हणाले आणि सुषमाकडे वळले. "वैनी, बाई कसं म्हणत होती? तुमच्यासंग बसत होती ते रोज. तुम्ही सांगा, मी लिवतो."

सुषमानं आधी भांडणाचं वाक्य सांगितलं, बाईंच्याच ठसक्यात. मग एक एक आठवत गेली. "पह्यला सरगुंडा लेकराच्या हातानं करू द्या, वाकडा झाला तरी फेकू नका." "आभाळाकडं पाहून वाळवन घालू नका, कावळ्याकडं पाहून घाला." "काडी दुसऱ्याले उसनी देऊ नका, मानूस परत येते, काडी नाई येत." भाऊ एका बोटानं लिहीत होते. डेपोतल्यासारखं प्रत्येक वाक्य दोनदा म्हणून खात्री करून घ्यायचे.

असं रोज संध्याकाळी चालू आहे. ते येतात, खांबाला टेकून बसतात आणि म्हणतात, "सांगा वैनी." सुषमा सांगते. हिंगणीच्या विहिरीचं सांगते, तिथं आलेल्या नणंदेचं सांगते.

परवा ती सांगता सांगता थांबली. पदराशी चाळा करत म्हणाली, "भाऊ, खरं सांगू का? मले आता काई आठवत नाई. तीनचार दिवस झाले, मी आपल्या मनचंच सांगून राह्यली."

"मालूम हाय मले," भाऊ म्हणाले. "बाईची नणंद कधी हिंगणीले आलीच नव्हती."

"मंग बोलले काऊन नाई जी?"

"तुमचा आवाज तिच्यावानी होते सांगताना. सांगत राहा."

मी त्यांच्या फोनकडे पाहिलं. तो त्यांच्या शेजारी ओट्यावर उपडा पडला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या तीनचार दिवसांत त्यांनी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. ते नुसते ऐकत बसले होते.