साळिंदरआत्याचे पुढचे उड्डाण

एका जंगलात घडलेली ही गोष्ट मी गेल्या मार्गशीर्षातील दुसऱ्या गुरुवारी, सकाळी अकरा ते पावणेबारा या वेळेत ऐकली. सांगणाऱ्या श्रीमती इंदुमती केळशीकर विमानतळावर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. वय एकाहत्तर, निवृत्त मुख्याध्यापिका. त्या परदेशातून आल्या होत्या, आणि त्यांचे पुढचे विमान आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांना न घेता निघून गेले होते. त्यामुळे त्यांच्या सांगण्यात थोडा कडवटपणा मिसळला असण्याची शक्यता मी नाकारत नाही. शक्य तेथे मी त्यांचेच शब्द ठेवले आहेत.

तर मुलांनो, नीट मांडी घालून बसा.

त्या जंगलाचे नाव उंबरझरी. उंबरझरीला दोन उड्डाणतळ होते. एक तळ्याकाठी. तेथे परदेशातून येणारे मोठे करकोचे उतरत. दुसरा टेकडीपलीकडे, सावरीच्या उंच झाडावर. तेथून देशातल्या देशात जाणारे धनेश उडत. धनेश म्हणजे मोठ्या पिवळ्या चोचीचा पक्षी. त्याच्या चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखा फुगवटा असतो. हा फुगवटा लक्षात ठेवा.

ज्यांना पंख नव्हते ते प्राणी या पक्ष्यांच्या पाठीवर बसून प्रवास करीत. दोन तळांमध्ये टेकडी का ठेवली, असे एकदा कोणीतरी विचारले होते. टेकडी आधीपासून होती, असे उत्तर मिळाले.

एके दिवशी सकाळी मंजुळाआत्या करकोच्याच्या पाठीवरून तळ्याकाठी उतरली. ती जातीने साळिंदर. नऊ वर्षे परदेशात राहिलेली. तिला करवंदटेकाला जायचे होते. तेथे तिच्या भावाच्या, बापूच्या मुलीचे त्याच दुपारी बारसे होते.

बारशाची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. बाळाचे नाव आत्याने ठेवायचे. पाळण्यावर वाकून, बाळाच्या कानात कुर्रर्र करून, ते पहिल्यांदा आत्याने उच्चारायचे. सूर्य टेकावरच्या आंब्यामागे जाण्यापूर्वी हे झाले पाहिजे, असे ठरले होते. आत्या न पोहोचल्यास मावशी नाव ठेवणार होती. मावशीने झियाना हे नाव तयार ठेवले होते.

मंजुळाआत्याच्या मनात मात्र द्वारका हे नाव होते. द्वारका म्हणजे तिची आणि बापूची आई. आई गेली तेव्हा आत्या परदेशात होती. तेव्हाही ती वेळेवर पोहोचली नव्हती.

"पुढचं उड्डाण चार घटकांनी आहे," ती करकोच्याला म्हणाली. (एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे.) "मिळेल ना हो?"

"चार घटका म्हणजे पुष्कळ झाल्या," करकोचा म्हणाला. त्याला पुढे कोठेही जायचे नव्हते.

पहिली रांग कोतवाल पक्ष्यापुढे होती. कोण आले, कोण गेले, हे तो तपासत असे. आत्या रांगेत उभी राहिली. सरळ, शांत, पुढच्यापासून हातभर अंतर ठेवून. परदेशात तिला तशी सवय लागली होती. ती मनातल्या मनात 'द्वारका, द्वारका' असे घोळवत होती.

मागून कोणीतरी तिला हळूच ढोसले. तो ससा होता.

"काकू, जरा पुढं जाऊ देता? माझं उड्डाण सुटतंय हो!"

त्याचा चेहरा इतका रडवेला होता की आत्याला गलबलून आले. "जा बाळा, जा," ती म्हणाली.

"लई उपकार झाले, काकू. ए, या रे सगळे!"

सशामागून त्याची बायको पुढे गेली. बायकोमागून अकरा पिल्ले गेली. अकराव्या पिल्लाने आत्याला टाटा केला.

आत्याची पाळी येईपर्यंत एक घटका संपली. कोतवालाने तिच्या कागदावरचे चित्र पाहिले. मग तिच्याकडे पाहिले.

"या चित्रात काटे खाली आहेत."

"तेव्हा मी शांत होते."

"आता पण व्हा."

"अहो, माझं उड्डाण आहे! शांत कशी होऊ?"

"काटे आणखी वर गेले, बाई. ही तर तिसरीच कोणीतरी दिसतेय."

शेवटी आत्याने डोळे मिटले आणि आईच्या हातची भाकरी आठवली. काटे खाली आले. कोतवालाने शिक्का मारला.

दुसरी जागा सामानाची. येथे मुंग्यांची एक मोठी रांग प्रवाशांचे सामान डोक्यावर घेऊन गोल गोल फिरत असे. उंबरझरीत सामान भोपळ्यात भरण्याची पद्धत होती. आपला भोपळा ओळखू यावा म्हणून आत्याने त्याला लाल फीत बांधली होती. मुंग्यांच्या डोक्यावरून एकामागून एक असे चाळीस भोपळे आले. चाळीसही भोपळ्यांना लाल फिती होत्या.

"पण मला तर सांगितलं होतं, सामान थेट करवंदटेकाला जाईल," आत्या तेथल्या मुंगसाला म्हणाली. मुंगूस सामान हुंगून पाहण्याच्या कामावर होते.

"परदेशातलं सामान पहिल्या जंगलात उतरवून घ्यायचं. मला हुंगू द्यायचं. मग त्या खिडकीत परत द्यायचं."

"परतच द्यायचं तर उतरवायचं कशाला?"

"न उतरवता परत कसं देणार, आजी?"

आत्याने बदामांच्या वासावरून ओळखलेला आपला भोपळा पुढे केला. मुलांनो, याचे उत्तर मला अद्याप सुचलेले नाही.

मुंगसाने भोपळा हुंगला. "यात काय?"

"बाळाचं दुपटं. बाळंतिणीला बदाम. आणि बापूला स्वेटर."

"साळिंदराला स्वेटर?"

"भाऊ आहे माझा. भोकं पडली तरी घालील."

मुंगसाने तिला सोडले. खिडकीत भोपळा देऊन ती धावत बाहेर आली, तेव्हा दोन घटका उलटून गेल्या होत्या. बाहेर चहाची टपरी होती. टपरीवर ससा बसला होता. बायको बिस्किटे वाटत होती.

"काकू! या, या, चहा घ्या," ससा म्हणाला.

"तुझं उड्डाण सुटत होतं ना?"

"छे! आमचं संध्याकाळचं आहे."

"मग घाई कसली होती रे मेल्या?"

"घाई नव्हती, काकू," ससा म्हणाला. "रांग होती."

त्या क्षणी मंजुळाआत्याच्या अंगावरचा एकूण एक काटा उभा राहिला. तो पुढे दिवसभर खाली आला नाही.

टेकडीपलीकडे जायला एक रानम्हैस होती. ती फुकट नेत असे, परंतु पाठीवर बारा जण बसल्याखेरीज हलत नसे. आत्या चढली तेव्हा तिला धरून दहा झाले. अकरावी खार आली. बाराव्याची वाट पाहण्यात अर्धी घटका गेली, कारण आत्याच्या शेजारी बसायला कोणी तयार होईना.

सावरीच्या झाडाखाली सुरक्षा तपासणी होती. तेथे वानर होते. आणि तेथे रांग होती, पहिल्या रांगेपेक्षा लांब.

आत्याने सूर्याकडे पाहिले. एकच घटका उरली होती, आणि तीही पुरती नव्हती. तिने पदर खोचला.

"बाजूला व्हा!" ती ओरडली. "माझं उड्डाण सुटतंय!"

तिचे काटे सळसळ वाजले. रांग दुभंगली. कोल्हा सरकला. दोन हरणे झुडपात शिरली. नऊ वर्षांत कमावलेले हातभर अंतर नऊ पावलांत संपले. रांगेच्या तोंडाशी फक्त एक प्रौढ धनेश उरला. तो मान खाली घालून निमूटपणे उभा होता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. धनेशाला पलीकडे उडून जाणे सहज शक्य होते. परंतु तपासणीवाचून जो पलीकडे जाईल तो घुसखोर समजावा, असा नियम होता, आणि हा धनेश नियम पाळणारा होता. प्रवासी वाहणाऱ्या पक्ष्यांसाठी एक वेगळी रांगही होती. ती सांभाळणारे अस्वल मध काढायला गेल्यामुळे ती बंद होती.

"सरका हो!" आत्या म्हणाली.

"ताई, मला पहिलं जाऊ द्या," धनेश अदबीने म्हणाला. "कारण माझं उड्डाण—"

"सुटतंय! ठाऊक आहे मला! सकाळी एकानं हेच सांगितलं, आणि आता बिस्किटं खातोय!"

"तसं नाही ताई, मी स्वतःच—"

"तुमच्या मागं अकरा पिल्लं पण असतील!"

"माझं लग्न झालेलं नाही," धनेश म्हणाला आणि बाजूला झाला.

आत्या वानरापुढे उभी राहिली. वानराने तिला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि एक टोपली पुढे केली.

"टोकदार वस्तू टोपलीत काढून ठेवा."

"अहो, हे माझ्या अंगाचे आहेत!"

"अंगातले असू द्या, नाहीतर अंगावरचे. टोकदार वस्तू टोपलीत."

"निघत नाहीत ते!"

"मग मोजून घ्यावे लागतील. आत जाताना किती, तेवढे बाहेर जाताना असले पाहिजेत. ओ सुमनताई, जरा मोजायला या."

वानरीण आली. तिने मोजायला सुरुवात केली. दोनशे सत्त्याहत्तरावर तिला शिंक आली, आणि पुन्हा एकपासून सुरुवात झाली. मागे धनेश एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलत होता. त्याने दोनदा काहीतरी सांगण्यासाठी चोच उघडली. दोन्ही वेळा आत्याने मागे वळून पाहिले, आणि त्याने ती मिटली.

काटे सहाशे बारा भरले. वानराने तिला सोडले.

आत्या सावरीच्या खोडावरून धावत सुटली. आता तिच्या तोंडी 'द्वारका' नव्हते. "माझं उड्डाण सुटतंय, माझं उड्डाण सुटतंय," एवढेच ती पुटपुटत होती. फांदीवर पोहोचली तेव्हा वेळ टळून गेली होती. परंतु प्रवासी तेथेच बसलेले होते.

वरून साळुंकीचा गोड आवाज आला. "करवंदटेकाकडे जाणाऱ्या प्रवाशांनी लक्ष द्यावे. आपले उड्डाण चालक न आल्यामुळे थांबले आहे. आपल्या गैरसोयीबद्दल आम्हाला आनंद— क्षमा करा, खेद आहे."

"कुठं कडमडलाय मेला चालक?" आत्याने विचारले.

"तपासणीच्या रांगेत अडकलाय म्हणे," शेजारची घोरपड म्हणाली. "कुणीतरी बाई आडवी आलीय. सहाशे काट्यांची."

मंजुळाआत्याने आपले काटे जमतील तेवढे पदराखाली घेतले.

अर्ध्या घटकेने धनेश आला. त्याला उशीर होण्यास आणखी एक कारण घडले होते. वानराने त्याच्या चोचीवरच्या फुगवट्यावर टिचकी मारून आत काय आहे, असे विचारले होते. हवा आहे, असे त्याने सांगितले. उघडून दाखवा, असे वानर म्हणाले. त्यावर बराच वेळ चर्चा झाली होती.

धनेशाने प्रवासी मोजले. आत्यापाशी तो थांबला.

"ताई, मला पुढं सोडलं असतंत तर तुम्हीही वेळेवर निघाला असतात."

"तुम्ही सांगायचं नाही का, चालक आहात म्हणून?"

"दोनदा सांगत होतो," धनेश म्हणाला. "काट्यांच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. घट्ट धरा. तुमच्याकडचं टोकदार काही माझ्या मानेला लागू देऊ नका."

तो चांगला उडाला, हे नमूद केले पाहिजे. तरीही करवंदटेक दिसू लागले, तेव्हा सूर्याची खालची कड आंब्याला टेकली होती.

बापूच्या बिळात सगळ्या बायका पाळण्याभोवती दाटीने उभ्या होत्या. आत्याची वाट पाहायची म्हणून त्यांनी पाळणागीत लांबवले होते. पहिल्या दिवशी काय झाले, दुसऱ्या दिवशी काय झाले, असे दिवसागणिक कडवे असते. बाळ बारा दिवसांचे होते. गीत सत्ताविसाव्या दिवसापर्यंत पोहोचले होते, आणि त्या दिवशी बाळ शाळेत जाऊ लागले होते.

"आता थांबणं शक्य नाही," मावशी म्हणाली. "सूर्य चालला. बापूराव, मी नाव ठेवते." ती पाळण्यावर वाकली. तिने 'झ' उच्चारण्यासाठी दात जुळवले.

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"बाजूला व्हा! माझं उड्डाण सुटतंय!"

बायका बाजूला झाल्या. मावशीही झाली, तिला दोन काटे लागले. आत्या धापा टाकत पाळण्यावर कोसळली. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेले आणि कुर्रर्र केले. मग तिने कानात काहीतरी सांगितले.

त्याच क्षणी सूर्य आंब्यामागे गेला.

आत्या सरळ झाली. तिचा चेहरा जरा गोंधळलेला होता, असे म्हणतात. पदर सावरून ती मोठ्याने म्हणाली, "द्वारका. नाव द्वारका."

बापू रडला. घुगऱ्या वाटल्या गेल्या. आत्याला नऊ वर्षांनी पोटभर जेवण मिळाले. भोपळा आला नाही. तो आजही उंबरझरीत मुंग्यांच्या डोक्यावर फिरत आहे. बापू अजून स्वेटरबद्दल विचारतो.

परंतु बाळाची एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. आत्या कानाशी नेलेले तोंड मागे घेते न घेते, तोच बाळाचे मऊ काटे एकदम उभे राहिले होते. पुढे द्वारका मोठी झाली. तिला द्वारका म्हणून हाक मारली तर ती वळून पाहत नाही. कोणी उड्डाणाचे नाव काढले, की मात्र ओ देत धावत येते. पाणवठ्यावर, बोरीखाली, कोठेही रांग असो, ती सर्वांच्या पुढे उभी असते.

तात्पर्य: रांगेत मागे उभा असलेला 'माझे उड्डाण सुटते आहे' असे म्हणाला, तर त्याला कधीही पुढे सोडू नये. तो ससा असतो. आणि त्याला कधीही अडवूही नये. तो आपला चालक असतो. हे तात्पर्य श्रीमती केळशीकर यांनी स्वानुभवाने तपासले असून दोन सहप्रवाशांनी त्यास दुजोरा दिला आहे. मंजुळाआत्याने त्या कानात नेमके काय सांगितले, एवढेच मला कधीही निश्चित करता आले नाही. ऐकणारी एकटी द्वारका होती. तिला विचारावे म्हणून मी रांगेत तिच्यामागे उभा राहिलो, तेव्हा ती पुढे निघून गेली होती.