जास्तीच्या दोन फेऱ्या

“फेऱ्याच मोजायच्या ना? अगं, तीस वर्षं गळ्यात टेप घालून काढली मी! मला मोजायला शिकवतेस?”

टेलरमास्तरांनी छाती अशी फुगवली, की शर्टाचं वरचं बटण तटकन उडालं. लेकीची शर्यत होती पंधराशे मीटर फ्रीस्टाइलची, म्हणजे पन्नास मीटरच्या तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस फेऱ्या. पोहताना स्वतः मोजत बसलं की तिचे हात जड व्हायचे. म्हणून दुसऱ्या टोकाला कुणीतरी बसायचं, आणि ती वळायला आली की उरलेल्या फेऱ्यांच्या आकड्याची पाटी पाण्यात धरायची.

“बाबा, अकरा वर्षं पोहतेय. गेल्या खेपेला राष्ट्रीय संघ दीड सेकंदाने हुकला. आता ही शेवटची संधी. लक्ष पाटीवर ठेवा!”

“मी बसते की पाटीला,” आई म्हणाली.

“तू टाळ्या वाजव!” मास्तरांनी विषयच संपवला.

शर्यत सुरू झाली. एकोणतीस, सत्तावीस, पंचवीस... पाटी चोख बदलत होती. आणि पोरगी सगळ्यांच्या पुढे! तेवढ्यात शेजारच्या पाटीवाल्या गृहस्थांनी विचारलं, “काय सुरेख पोहते हो! कोणाची?”

झालं! मास्तरांना तेवढंच हवं होतं.

“माझी! लहानपणी बादलीतल्या पाण्यालाही घाबरायची! तिचा पोहायचा पहिला पोशाख मीच शिवला, चांगलं अस्तर लावून. पाण्यात असा फुगला, की पोरगी बुडेचना! आणि आता बघा!”

गृहस्थ बघत होते. मास्तर मात्र त्यांच्याकडेच बघत होते. तेवढ्यात लेक आली, वळली, गेलीसुद्धा. पाटीवर आधीचाच ‘तेरा’. पुढच्या खेपेला मास्तरांनी इमानदारीत ‘अकरा’ लावला. खऱ्या उरल्या होत्या नऊ!

शेवटच्या दोन फेऱ्यांची घंटा वाजली. पण पोरीचा घंटेपेक्षा बापावर भरवसा! समोर ‘तीन’ दिसल्यावर तिने शेवटासाठी राखलेला जोर तसाच राखून ठेवला, शर्यत संपली त्या भिंतीशी कोलांटी मारली, पायाने भिंत ढकलली आणि पुन्हा निघाली!

“अगं थांब! संपली!” लोक ओरडले. तिला वाटलं, कौतुक चाललंय. तिने आणखी वेग घेतला!

मास्तरांनी अंगावर येणारी लेक पाहिली, मग हातातला ‘एक’ पाहिला आणि आपण दोन फेऱ्या जास्त मोजल्याचं त्यांच्या लक्षात आलं. पाटी पोटाशी धरून ते काठाकाठाने पंचांकडे धावले. “साहेब, मी बुडवलं हो पोरीला!”

“बुडवलं कसलं? फ्रीस्टाइलला हात लागो नाहीतर पाय, भिंत शिवली की झालं! मघाशी पाय लागला तेव्हाच ती पहिली आली. संघात बसायची वेळही गाठली, दोन दशांश सेकंद राखून!”

तेवढ्यात लेक भिंतीला बिलगली. “बाबा, शेवटच्या दोन फेऱ्या कशा झाल्या?”

“अकरा वर्षांत अशी पोहली नव्हतीस, बाळा!” मास्तर म्हणाले. मग आवाज खाली आला. “फक्त... त्या दोन फेऱ्या शर्यतीत नव्हत्या. तू आधीच जिंकली होतीस. अगं, शिलाईसाठी थोडं कापड जास्त धरावंच लागतं!”

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि हसत हसत ओल्या अंगानेच त्यांना मिठी मारली. मास्तरांना तलावभर लोकांना सांगावंसं वाटलं, ही माझी! पण बोलण्याचा परिणाम नुकताच पाहिला होता.

त्याच दिवशी संघाचा अर्ज भरताना ‘पाटी कोण धरणार’ या रकान्यात तिने आईचं नाव लिहिलं. मास्तरांकडे टाळ्या आल्या.