पंच्याहत्तर की नव्वद

कॅमेऱ्याच्या खिडकीत मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा एक पिवळसर चौकोन होता, आणि त्या चौकोनात बायकोला दोन नाकं होती. लेन्सची कडी बोटाने हळू फिरवली की त्यातलं एक नाक दुसऱ्याकडे सरकायचं. दोन्ही एकमेकांवर नीट बसली की अंतर जुळलं असं समजायचं. त्याने नाकं जुळवली, वेगळी केली आणि पुन्हा जुळवली.

"झालं का?" बायकोने विचारलं.

"ही पंच्याहत्तरची लेन्स झाली. आता नव्वदची लावून बघतो."

"मगाशी नव्वदचीच होती."

"मगाशी खुर्ची पुढे होती."

बायको पोहायला शिकवायची. घाबरलेली माणसं पाण्याच्या कडेला उभी राहून काय काय कारणं सांगतात ते तिला पाठ होतं. ती उठली, खुर्ची जागेवर ठेवली आणि म्हणाली, की पाण्याला कुणीच भीत नाही, सगळे भितात ते उडी मारायच्या फळीला. नवरा आज महिनाभर फळीवर उभा आहे आणि खाली पाणी किती खोल आहे ते मोजतो आहे.

मोजणं हा त्याचा धंदाच होता. वजनं आणि मापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तो वजनांच्या विभागात होता. बाजारातला किलो खरा किलो आहे की नाही हे तो सांगायचा, आणि त्याचं सांगणं कधी चुकलं नव्हतं. मात्र स्वतःच्या बाबतीत काही विचारलं की तो "बघू" एवढंच म्हणायचा. जेवायला बाहेर जाऊया का, बघू. रजा घेणार का, बघू. त्यामुळे घरी-दारी त्याचं नावच बघू पडलं होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या या महिन्याच्या शेवटी निवृत्त होणार होत्या. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, आणि भीती नेमकी त्याचीच होती. त्या फक्त विचारायच्या, "हे तुम्ही स्वतः मोजलंत?" एवढ्यावर चांगल्या चांगल्या माणसांची बोबडी वळायची. वजनांचा विभाग तुम्ही सांभाळा, असं त्यांनी बघूला दोन-तीनदा सुचवलं होतं. त्याने दर वेळी विचार करून सांगतो म्हटलं होतं, आणि तो विचार अजून चालू होता.

प्रयोगशाळेच्या दारातून आत आलं की भिंतीवर आधीच्या प्रमुखांची छायाचित्रं ओळीने लावलेली होती, सगळी फिल्मवर काढलेली. बाईंचंही तसंच हवं, असं ठरलं. बघूकडे जुना रेंजफाइंडर कॅमेरा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बाई जाता जाता त्याला म्हणाल्या, "तुम्हीच काढा." त्याने बघू म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्या वळून गेल्याही होत्या.

आता त्याच्याकडची लेन्स होती पन्नास मिलिमीटरची. तिने चेहरा चौकटभर घ्यायचा तर थेट बाईंच्या टेबलावर ओणवं व्हावं लागलं असतं. बाईंच्या एवढ्या जवळ आजवर कुणी गेलं नव्हतं. सगळ्यात जुना कारकूनसुद्धा फाइल टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून मागे सरायचा. म्हणजे थोडी लांब पल्ल्याची लेन्स हवी. कॅमेरा दुरुस्त करणारे काका म्हणाले, नव्वदची घ्या, दोन मीटरवरून आरामात जमेल, पण खोलीत उजेड कमी असला आणि हात हलला तर चेहरा पुसट. पंच्याहत्तरची कमी उजेडातही चालते, पण पाऊलभर पुढे जावं लागेल. बघूने त्याहून लांबची आहे का असं विचारलं.

"एकशे पस्तीसची आहे. पण तुमच्या या कॅमेऱ्यात तिची नाकं कधी धड जुळायची नाहीत. आणि एवढ्या लांबून फोटो काढायचा म्हणजे तुम्हाला केबिनच्या बाहेर उभं राहावं लागेल."

बघूला ते फारसं वाईट वाटलं नाही. शेवटी काकांनी दोन्ही लेन्स त्याच्या हातात दिल्या. वापरून बघा, एक ठेवा, एक परत आणा. "ओरखडा दिसला तर मात्र पुन्हा पायरी चढू नका." काकांना भ्यावं की बाईंना, हा आणखी एक प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला.

ठरलेल्या दिवशी त्याने नव्वदची लावली, कारण तिने जास्तीत जास्त लांब राहता येत होतं. पाठ केबिनच्या दाराला टेकवून तो उभा राहिला. बाई खिडकीशेजारी बसल्या, हात मांडीवर, नजर थेट कॅमेऱ्यात. पिवळ्या चौकोनात बाईंची दोन नाकं दिसली तेव्हा ती पाहणं हाच एक गुन्हा आहे असं वाटून त्याने ती घाईने जुळवली. मग तो फोटो काढत गेला. बाई इतक्या शांत बसल्या होत्या, की त्यालाही हळूहळू धीर आला. रोल संपला तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं."

बघू खिडकीकडे वळून लेन्स पुसायला गेला आणि त्याच्या हातात टोपण आलं.

रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नाही. वरच्या वेगळ्या खिडकीतून बघतो. लेन्सवर टोपण असो की आख्खा पाट असो, खिडकीत सगळं लख्ख दिसतं. संपूर्ण रोल काळ्या टोपणाच्या आतल्या बाजूचा निघाला होता. टोपण खिशात टाकून, फिल्म धुवायला वेळ लागेल असं काहीतरी पुटपुटत तो बाहेर पडला.

रात्री जेवताना बायकोने सल्ला दिला, की सकाळी जायचं आणि टोपण राहिलं होतं असं एका दमात सांगायचं. तो म्हणाला, बघू.

सकाळी बाई समोरून आल्या आणि फोटोंचं विचारलं. बघूच्या तोंडून जे निघालं ते ऐकून त्याला स्वतःलाच धक्का बसला. तो म्हणाला, लेन्समध्ये दोष आहे असं वाटतं.

"दोष," बाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः मोजलात?"

मोजल्याशिवाय दोष म्हणायचं नाही, हा त्या इमारतीतला पहिला नियम होता. बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, लेन्स प्रकाश विभागात द्या, तपासून घेऊ. प्रकाश विभागात एक सडपातळ गृहस्थ होते, जाड चष्म्यामुळे त्यांना सगळे भिंग म्हणत. बऱ्याच दिवसांत काही चांगलं हातात आलं नव्हतं म्हणून भिंग खुशीत होते. त्यांनी दिवसभर लेन्सच्या या टोकाने उजेड सोडला आणि त्या टोकाने मोजला. लेन्स निर्दोष निघाली. इतकी चांगली लेन्स आपण वर्षानुवर्षं पाहिली नव्हती, असं त्यांनी बाईंना आपणहून जाऊन सांगितलं.

बघूला वाटलं आता सुटलो. पण तपासणीची एक रीत असते. लेन्समध्ये दोष नाही, मग तो कॅमेऱ्यात असणार. बाईंनी कॅमेराही मागवून घेतला. भिंगांनी शटरचा पडदा किती वेळ उघडतो ते मोजलं, नाकं कुठे जुळतात ते मोजलं. कॅमेराही निर्दोष. आता या जगात फोटो बिघडवू शकेल अशी एकच गोष्ट न तपासलेली उरली होती, आणि ती प्रकाश विभागाच्या दारात उभी राहून घाम पुसत होती.

"मला एक सांगा," भिंग म्हणाले, "दोष आहे असं तुमच्यासारखा माणूस म्हणतो, म्हणजे तो असणारच. आत कुठेतरी दडला असेल. आता भिंगं सुटी करून बघतो."

"सुटी म्हणजे?"

"सगळी उघडायची. बाईंनी हो म्हटलंय."

त्यांनी ड्रॉवरमधून सगळ्यात बारीक पेचकस काढला. बघूला काका दिसले, दुकानाची पायरी दिसली. त्याच्या एका शब्दाखातर एक निष्पाप वस्तू खिळखिळी होणार होती. त्यातून उद्या काही सापडलं नाही तर भिंग स्वतःच्या मोजमापावर शंका घेणार होते. आणि बाईंना कळलं, की वजनांच्या विभागातला माणूस न मोजता दोष सांगतो, तर त्याने आजवर खरे ठरवलेले सगळे किलो त्यांच्या नजरेत खोटे पडणार होते. नोकरी गेली असती तरी त्याला याहून कमी भीती वाटली असती.

"दोन मिनिटं हात लावू नका," तो म्हणाला, आणि केबिनकडे निघाला. चालता चालता त्याने वाक्य जुळवलं, सुटं केलं, पुन्हा जुळवलं.

बाई काहीतरी लिहीत होत्या. "दार लावा," त्या म्हणाल्या. त्याने दार लावलं.

"लेन्समध्ये दोष नाही, बाई. टोपण काढायचं राहिलं होतं. पूर्ण रोल तसाच गेला. मी खोटं बोललो."

त्याने खिशातून टोपण काढून टेबलावर ठेवलं. बाईंनी पेन बंद केलं.

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या फोटोपासून. ते माझ्याकडेच तोंड करून होतं ना."

मग आपण बोलला का नाहीत, असं बघूने चाचरत विचारलं.

"मला फोटोची भीती वाटते," बाई म्हणाल्या. खोलीचं तापमान सांगावं तशा त्या बोलल्या. "लहानपणापासून. कॅमेरा समोर आला की मान आखडते. त्या दिवशी तुम्ही आलात, टोपण दिसलं, आणि म्हटलं चला, हा काढत नाहीये. इतकी निवांत मी कधी बसले नसेन."

"पण मग ही तपासणी..."

"तपासणीत दिवस जातात." त्यांनी दाराकडे पाहिलं. "बाहेर भिंतीवर माझ्या जागेचा खिळा ठोकून झालाय. रोज सकाळी आत येताना दिसतो. त्यावर लटकायची घाई नव्हती मला. आज फोटोचं विचारायला वरच्या कार्यालयातून फोन आला होता. मी काय म्हटलं असेल?"

बघूने टेबलावरच्या फोनकडे पाहिलं.

"बघू, म्हटलं."

इतकी वर्षं त्या टेबलापासून दोन मीटरवर उभं राहून तो एकटाच भीत होता अशी त्याची समजूत होती. बाईंनी फोन उचलला आणि भिंगांना सांगितलं, पेचकस खाली ठेवा, लेन्स आणि कॅमेरा आणून द्या, दोष सापडला. कुठे सापडला हे त्यांनी सांगितलं नाही. भिंग आले, दोन्ही वस्तू टेबलावर ठेवून जरा हिरमुसले होऊन गेले. बघूने पिशवीतून पंच्याहत्तरची काढून नव्वदच्या शेजारी ठेवली. नवा रोल भरला. भरता भरता, बाईंनी मांडीवर बोटं घट्ट आवळून धरलेली त्याने पाहिली.

बाईंनी टोपण उचललं आणि मुठीत धरलं.

"हे माझ्याकडे राहू द्या. हातात असलं की बरं वाटेल," त्या म्हणाल्या. "आता सांगा, यातली कोणती? आणि माझा तो जुना प्रश्नही तसाच पडून आहे."

दारापाशी, पाठ टेकवायला, त्याची नेहमीची जागा मोकळी होती. घशाशी नेहमीचा शब्द आला होता. त्याने तो गिळला, भिंतीलगतची एक खुर्ची ओढत बाईंच्या टेबलाच्या अगदी कडेला आणली आणि म्हणाला,

"पंच्याहत्तर. आणि विभाग मी घेतो."