अडवणूकविरोधी नियमावली आणि दोन पंच

माणसाने दुसऱ्याच्या वाटेत उभं राहू नये, हे सर्व धर्मांना मान्य आहे. फुटबॉलला मात्र गेल्या वर्षीपर्यंत ते तितकंसं मान्य नव्हतं. कॉर्नर घेतला जात असताना तीन-चार दांडगी मुलं चेंडूकडे ढुंकूनही न बघता गोलकीपरला घेरून उभी राहत आणि त्याला डावपेच म्हणत. अशाच एका डावपेचात रोशन नावाच्या गोलकीपरच्या खांद्याचं हाड मोडलं. त्यावर आमच्या आंतर-सोसायटी फुटबॉल समितीने (मी तिचा सहचिटणीस आहे) ताबडतोब, म्हणजे सात महिन्यांत, अडवणूकविरोधी नियमावली तयार केली.

नियमावली अकरा पानी असून वाचताना समाधान वाटतं. तीत अडवणुकीचे नऊ प्रकार आहेत. उभी, तिरपी, सरकती, पाठमोरी, आणि ‘निरागस भासणारी’ हे त्यांतले प्रमुख. अंमलबजावणीबद्दल एकच वाक्य आहे: ती पंच करतील.

पंच दोन होते. मोरव्याचे आत्माराम पाटील, वय एकोणसाठ. रोशन पडला तेव्हा शिट्टी त्यांच्याच तोंडात होती, पण त्यांना काही दिसलं नव्हतं. ते त्यांच्या मनाला फार लागलं. रोशनच्या घरी ते तीनदा जाऊन आले. दुसरी समिधा, कॉलेजात शिकणारी, बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन धावणारी. तिसऱ्या पंचाची जागा मंजूर आहे (भरलेली नाही).

आत्मारामकाकांनी नियमावली दोनदा वाचली आणि आमचे चिटणीस कौस्तुभ यांना म्हणाले, “कॉर्नरला गोलापुढं सोला पोरं असतात. म्हंजे बत्तीस हात. माझे डोले दोन, त्यात एकाचा मोतीबिंदू काढलेला हाय. आनखी दोन मान्सं द्या.”

“काका, माणसं कुठून आणू? रविवारी सगळे बिझी असतात.”

“कशात?”

“मॅच बघायला येतात ना.”

काकांच्या सूचनेची दखल घेऊन समितीने नियमावलीत ‘पंचांनी नजर व्यापक ठेवावी’ असं वाक्य वाढवलं.

अंतिम सामना शांती नगर आणि केबिन रोड यांच्यात झाला. प्रेक्षक चारशे. पूर्वार्धात काकांनी अडवणुकीसाठी तेवीस वेळा शिट्टी वाजवली. प्रत्यक्ष फुटबॉल अकरा मिनिटं झाला. “अंकल, खेलने दो ना,” असं लोक ओरडत राहिले, पण गोलकीपरला कुणी कोपरसुद्धा लावलं नाही. मध्यंतरात काका पाणी पिताना समिधाला म्हणाले, “जमतंय गं.”

उत्तरार्धात कंटाळलेले पालक मोबाइल घेऊन पुढे सरकले. आधी रेषेपर्यंत, मग रेषेवर. समिधाला धावायला वाट उरली नाही.

“अंकल, थोडा पीछे.”

“बस एक मिनट बेटा, हमारा बच्चा खेल रहा है.”

हे मिनिट वीस मिनिटं चाललं. प्रेक्षक नऊ प्रकारांत बसत नसल्याने त्यांच्यावर शिट्टी वाजवता येत नव्हती. समिधा उड्या मारून सामना बघू लागली.

शेवटच्या मिनिटाला शांती नगरला कॉर्नर मिळाला. काका जवळच्या खांबाकडे बघत होते. पलीकडच्या खांबापाशी तिघांनी केबिन रोडचा गोलकीपर रोहित याला कोंडलं. तो वेडावाकडा पडला आणि चेंडू आत गेला. काकांनी झेंडा शोधला. मोबाइलच मोबाइल. ते गर्दीत घुसले.

“दिसलं?”

“दिसलं काका. झेंडा केव्हाचा वर आहे.”

काकांनी गोल रद्द केला. निर्णय बरोबर होता, त्यामुळे दोन्हीकडचे लोक भांडायला मैदानात उतरले.

रोहितचा घोटा तोवर सुजून टम्म झाला होता. त्याची आई सुगंधाताई पाय मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रिक्षा बोलावली, पण फाटकात एक पांढरी गाडी आडवी लावलेली. “गाडी काढा” असं तीनदा पुकारलं. कुणी हललं नाही. वाद रंगात आला होता.

“दादा, काय करायचं?” सुगंधाताईंनी विचारलं.

काका गुडघ्यावर बसले आणि रोहितला पाठुंगळी घेतलं. एकोणसाठाव्या वर्षी. गाडी आणि भिंतीमधल्या फटीतून ते आडवे होऊन निघाले, पोराचा पाय भिंतीला लागू न देता.

नंतर पंचांच्या विरोधात दोनशे बारा सह्यांचा अर्ज आला. तिसऱ्या पंचाच्या जागेसाठी एकही आला नाही. काकांनी शिट्टी टेबलावर ठेवली, नमस्कार केला आणि गेले. रोहितला दीड महिना प्लास्टर आहे.

समितीने चौकशीसाठी लोकांकडून त्रेसष्ट व्हिडिओ मागवले. एकातही अडवणूक दिसत नाही. प्रत्येकात पुढच्या माणसाचं डोकं दिसतं. एकात मात्र ती गाडी नंबरासकट स्पष्ट आहे. नंबर फलकावर लावायचा ठराव आला, तेव्हा समितीतल्या पाच जणांनी आधी आपापल्या घरी फोन केला.

म्हणून तूर्त नंबर गुप्त ठेवला आहे. हे वाचताना ज्यांना उठून खिडकीतून एकदा खाली बघावंसं वाटलं, त्यांनी आधी गाडी काढावी. चौकशीला सावकाश आलात तरी चालेल.