सुपडू आबाची घागर

सुपडू आबा कुंभार ओलं मडकं दोऱ्यानं उभं चिरायचा. तोंडापासून बुडापर्यंत, एका झटक्यात, टरबूज चिरावं तसं. मग दोन्ही फाका दोन हातांत धरून आतली बाजू न्याहाळायचा आणि म्हणायचा, "पोट जाड शे." की फाका गेल्या परत चिखलात.

चिरायचा ती मडकी माझी असायची. स्वतःच्या मडक्याला त्यानं कधी दोरा लावला नाही. एका हंगामात माझी सदतीस मडकी त्यानं अशी चिरली. सदतीसच. मोजणं हा माझा धंदाच आहे.

मी जळगावच्या कापूस बाजारात दलाली करतो. मूळ गाव नरडाण्याकडचं. वडील लवकर गेले, आई मला घेऊन जळगावला आली आणि जिनात कापूस निवडायला लागली. मी गाड्यांवरून कापसाची बोदी उतरवता उतरवता दलाल झालो. मला कुणी काही दिलं नाही. जे आहे ते मी भाव करून मिळवलेलं आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. लोक म्हणतात मी तापट आहे. खोटं नाही म्हणत, पण कारण कुणी सांगत नाही. माझ्या तापटपणाचं निम्मं कारण सुपडू आबा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरतात. त्यामुळे आखाजीच्या आधी आठ दिवस आबाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. घागरींवर घागरी. आणि या माणसाची विक्रीची तऱ्हा अशी, की घागर मागितली तर आधी विचारणार, "कोनासाठे?" मग म्हणणार, "पुरं नाव सांग." नाव सांगितलं की घागर उचलून तोंडाजवळ न्यायची आणि ते नाव आत सांगायचं. घागर घुमायची. मग ती गिऱ्हाइकाच्या हातात. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. दुसरा कुठलाही कुंभार असलं काही करत नाही. पण बायका म्हणायच्या, आबाच्या घागरीतलं पाणी पोचतं. त्यामुळे ही गर्दी.

आई गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला मी तिथं गेलो. उन्हात तासभर रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली.

"केवढ्याला?"

"दोन आना."

"एक आणा घे."

आबानं मान वर केली. बारीक, वाळलेला माणूस, भुवयांवर चिखलाचे थेंब सुकलेले. "कोनासाठे शे?"

"आईसाठी."

"मायनी घागर शे, आनि भाव करस?"

हे तो हळू म्हणाला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण आबाला हळू बोलताच येत नसे. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. माझं डोकं फिरलं.

"माती ती माती!" मी ओरडलो. "माती तळ्यातून फुकट आणतोस, लीद टांगेवाल्यांकडून फुकट आणतोस. तुझं लागतं काय त्यात?"

"मंग तूच कर," आबा म्हणाला.

"करीन!"

"कर ना. पुढली आखाजीलगून एक घागर करी दखाड. साजरी निंघनी, ते मी जित्ता शे तवलगून तुले घागर फुकट. नही निंघनी, ते मी सांगसू ते एक काम करशी."

"मंजूर!"

सगळ्या गल्लीसमक्ष मी मंजूर म्हणालो. काम कोणतं, ते मी विचारलं नाही. बाजारात वीस वर्षं काढलेल्या माणसानं, किंमत न विचारता! दुसऱ्या दलालाची ही गोष्ट कुणी मला सांगितली असती, तर मी त्याला बाजारात फिरू दिलं नसतं.

पावसाळाभर चाक बंद होतं. दिवाळी झाल्यावर शिकवणी सुरू झाली. रोज पहाटे कुंभारवाड्यात, आणि बाजार उघडायच्या आत अंघोळ करून गादीवर. मला वाटलं होतं, चाकावर बसायचं, आठ दिवसांत घागर काढायची, आबाच्या नाकासमोर धरायची. पहिला महिना चाकाला हातसुद्धा लावू दिला नाही.

"पयले लीद आन."

"टांगेवाला आणून टाकील की."

"त्यानी लीद त्यानी घागर. तू आन."

काळी टोपी आणि स्वच्छ धोतर घालून स्टेशनाबाहेरच्या टांग्यांच्या अड्ड्यावर मी टोपली घेऊन घोड्यांच्या मागं उभा राहिलो. टांगेवाल्यांना इतकी करमणूक कधी झाली नसेल. एकजण घोड्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "टाक रे राजा, शेठ वाट बघतायत." मी वळून बघितलं, तर ज्याच्याशी आदल्या दिवशी कापसाच्या भावावरून हमरीतुमरी झाली होती तो व्यापारी टांग्यातून उतरत होता. त्यानं मला टोपी काढून नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून टोचतो.

मग माती चाळणं, भिजवणं, तुडवणं. आबा बाजेवर बसून चिलीम ओढायचा आणि माझे पाय बघायचा.

"तू मातीसंगे बी भांडस," तो म्हणायचा. "धीरे. ती काही तुनं घेई नही जात."

असला माणूस शिकवतो कसा म्हणाल, तर शिकवतच नसे. चाकाला दांड्यानं गती द्यायचा, गोळा टाकायचा, अंगठा रुतवायचा आणि माती आपोआप वर यायची. मी विचारलं, "काय केलंस?" तर म्हणायचा, "देखं ना तू." मी गोळा टाकला की तो भेलकांडायचा आणि अर्धा माझ्या छातीवर यायचा. एकदा तो भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीवर गेला. आबानं तसबीर पुसली आणि देवाला सांगितलं, "नवा शे. माफ कर."

आबा सगळ्यांना अरेतुरे करायचा. मामलेदाराचा शिपाई माठ न्यायला आला, तेव्हा स्वतः मामलेदार बाहेर गाडीत बसले होते. आबा तिथूनच ओरडला, "तू पानी पिशी, का तुनी बायको? पोट कितलं मोठं जोयजे?" मामलेदारांनी मुकाट्यानं पोटाचं माप सांगितलं. माणूस चांगला की वाईट, तेही तो टिचकी मारून ठरवायचा. माझ्या डोक्यावर बोटाच्या पेरानं टकटक करून म्हणायचा, "कच्चं शे आजून."

घरी वेगळाच ताप. बायको माझी नखं बघून म्हणायची, "अहो, अर्धं तळं घरात आणलंत." पुढे पुढे तिला तो नादच लागला. जेवून उठलो की म्हणायची, "पोट दाखवा. जाड आहे का बघू." बाजारात माझ्या मागे लोक मला कुंभारशेठ म्हणायला लागले. मागे म्हणायचे तोवर ठीक होतं. संक्रांतीपासून तोंडावर म्हणायला लागले.

आणि मडकी चिरणं चालूच. बुड बसलं तर गळा वाकडा. गळा जमला तर पोट जाड. एकदा मला वाटलं, जमलं. बाहेरून लाकडी थापी मारून, आतून दगडाचा गोळा धरून, मी दोन तास त्या घागरीचं पोट फुगवलं होतं. आबा आला. दोरा काढला. मी त्याचा हात धरला.

"आबा, चिरू नकोस. पाया पडतो."

"पाया नको पडू. पोट दखाड."

चिरली. आत एका बाजूला बोटभर जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखं. आबा दोन्ही फाका मला दाखवून म्हणाला, "भाईरतीन साजरी दिसस. आत देखाले जोयजे." त्या दिवशी मी थापी फेकून मारली. ती त्याला लागली नाही, त्याच्याच एका माठाला लागली. तो माठ फुटला, आणि आबा हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वरचे दोन दात नव्हते.

कबूल करतो, की फाल्गुनात कधीतरी माझा हात बसला. कसा, ते मला सांगता येणार नाही. एके दिवशी गोळा चाकाच्या मधोमध असा गप्प बसला, की चाक फिरतंय की थांबलंय ते कळेना. अंगठा आत गेला आणि माती वर आली. आबा चिलीम ओढायची विसरला. त्या घागरीला त्यानं दोरा लावला नाही. नुसता आत हात घालून चहूकडून फिरवला आणि ती सावलीत नेऊन ठेवली.

आखाजीच्या आदल्या दिवशी मडकी भाजायचा आवा उघडला. राख बाजूला सारत आबा एकेक घागर काढत होता. गल्ली पुन्हा भरली होती, कारण पैज सगळ्यांना ठाऊक होती. माझी बायकोसुद्धा आली होती. माझी घागर निघाली. लालभडक, अखंड. आबानं टिचकी मारली. देवळाच्या घंटेसारखा आवाज आला. बायका "अगं बाई!" म्हणाल्या. त्यानं पाणी ओतलं, घागर उन्हात धरली. बाहेर एक थेंब नाही. पाणी ओतून टाकलं.

मी छाती काढून उभा होतो. वाट बघत होतो, की आता तो विचारेल, "कोनासाठे? पुरं नाव सांग." आईचं नाव माझ्या ओठांवर होतं.

त्यानं विचारलं नाही. घागर दोन्ही हातांत धरून तो वळला, आणि ती खाली पडली.

"हातमाईन सुटनी," आबा म्हणाला.

चाळीस वर्षं मडकी हाताळणाऱ्या माणसाच्या हातातून! मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आबा शांतपणे म्हणाला, "घागर कोठे शे? दखाड. नही ना? मंग मी जिंकनू." मग त्यानं ढिगातली स्वतःची एक घागर उचलली, शिकवणीत कधीतरी मी आईचं नाव सांगितलं होतं ते त्याच्या लक्षात होतं, ते त्यानं आत सांगितलं आणि घागर माझ्या बायकोच्या हातात दिली.

"दोन आना," म्हणाला.

मी दोन आणे त्याच्या पायाशी फेकले आणि त्यानंतर चार वर्षं त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. घागर दरसाल बायको आणायची. मी विचारायचो, "काही म्हणाला?" ती म्हणायची, "विचारत होता, शेठ माती तुडवतो का?"

पाचव्या वर्षी, थंडीत, एक टांगेवाला गादीवर निरोप घेऊन आला. "सुपडू आबा आजारी आहे. म्हणतो, शेठला सांगा, सौदा बाकी आहे."

मी तडक गेलो. बघायला नाही, भांडायला. वाटेत सगळे मुद्दे मनात लावून ठेवले होते. आबा अंगणात उन्हात बाजेवर पडला होता. बाजूला चाक, धूळ बसलेलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या आईची चार पोरं एकामागून एक गेली, म्हणून हा तरी जगावा यासाठी याला जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि नावही सुपडू ठेवलं, एवढं मला ठाऊक होतं. बायको गेलेली, मूलबाळ नाही. सूप त्याला फारच लागू पडलं होतं. सगळ्यांच्या मागं एकटा उरला होता.

"उना का?"

"आलो. आधी एक सांग. माझी घागर गळत होती?"

"नही."

"पोट जाड होतं?"

"नही. साजरी व्हती."

"मग हातातून सुटली कशी?"

आबानं चाकावरची धूळ बोटानं पुसली. "सुटनी नही. सोडी."

इतकी वर्षं मला हेच हवं होतं, आणि आता ते मिळाल्यावर माझा एकही मुद्दा आठवेना. "का?"

"तू जिंकी जाता ना भो. मंग मनं काम कोन करता?"

"काय काम? बोल एकदाचं!"

"बठ्ठा गावना पितरस्ले मनी घागर." त्याला धाप लागत होती. "बठ्ठास्ना नाव मी सांगस. मनी घागर कोन करी? पुतन्या सुरतले शे, त्याले चाक फिराडता येत नही. मी गया का तू कर. तुना हातनी. पानी भर. आनि तोंडमा मनं नाव सांग."

चिलीम विझली होती. मी ती उगाच उचलली, परत ठेवली.

"एवढंच? आखाजीला तुझ्या नावाची एक घागर?" मी म्हणालो. "एवढ्यासाठी मला लीद गोळा करायला लावलीस? माझी घागर फोडलीस? सरळ मागायचं होतंस!"

"सरळ मांगतू, ते तू भाव करता."

मी भाव केला असता. सालाआड चालेल का, असं नक्की विचारलं असतं.

आबानं माझा हात ओढून घेतला, अंगठा चेपून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "नरम पडना. माती तुडावाले लाग."

तो माघात गेला. पुतण्या सुरतेहून आला, घर विकायला काढलं. मी चाक मागितलं. त्यानं भीतभीत एक आकडा सांगितला. मी पहिल्या शब्दाला हो म्हणालो. तो इतका दचकला, की जास्त का मागितले नाहीत या विचारानं त्याला रात्रभर झोप आली नसणार.

तेव्हापासून दर चैत्रात, बाजारात ऐन घाई असताना, मी परसात चिखलात बसतो. लीद स्वतः आणतो. टांगेवाले अजून हसतात. पहिली घागर मी दोऱ्यानं चिरतो. पोट जाडच निघतं. दुसरीही चिरतो. कधी सातवी जमते, कधी नववी. मला दोन लागतात.

आखाजीला दोन्ही पाण्यानं भरायच्या आधी मी नावं सांगतो. आईचं नाव मी हळू सांगतो. आबाचं मात्र ओरडून सांगतो. बायको म्हणते, शेजारी ऐकतात. ऐकू देत. त्यानं फोडली ती घागर चांगली होती.